शिक्षकांची कार्यशाळा: खुर्च्या भिंतीला लावल्यानंतर

पहिली कार्यशाळा घेतली तेव्हा मी शिक्षकांचे सहा गट पाडले, प्रत्येक गटाला एक विषय दिला आणि दुपारी सादरीकरण ठेवलं. दुपारी जे झालं ते उत्तम स्नेहसंमेलन होतं. एका गटाने पोवाडा म्हटला, दुसऱ्याने हुंड्यावर नाटुकलं केलं, हसून हसून पुरेवाट झाली. फोटो ग्रुपवर पडले, खाली अंगठे उमटले. पंधरा दिवसांनी त्यातल्याच एका शाळेत गेलो तर पोवाडा म्हणणारे सर खुर्चीत बसून पाढे म्हणून घेत होते आणि मुलं तालात माना हलवत होती. सरांचं काही चुकलं नव्हतं. मी त्यांना दाखवायला शिकवलं होतं आणि चौथीच्या वर्गात दाखवायला प्रेक्षक नसतो.

त्यानंतर नाशिकच्या आसपास, पेठपासून निफाडपर्यंत, बऱ्याच कार्यशाळा घेतल्या. आता एकच गोष्ट धरून ठेवतो: शिक्षकाला कला शिकवायची नाही, त्याला दोन दिवस पुन्हा शिकणाऱ्याच्या जागी बसवायचं. हाताला माती लागली, पाय चुकला, गोष्ट सांगताना मधलं विसरलं, की मुलांचं काय होत असेल ते त्याला सांगावं लागत नाही. आपल्याला कालिदास कलामंदिर गाजवायचं नाहीये.

कल्पना माझी नाही. १९१९ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये रुडॉल्फ श्टायनर यांनी कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी वॉल्डॉर्फ शाळा काढली, तेव्हापासून त्या परंपरेत शिक्षक होऊ पाहणारे स्वतः रंगवतात, मातीकाम करतात, हालचालींचा सराव करतात. भावनगरला गिजुभाई बधेकांनी गोष्ट आणि खेळाला बालशिक्षणाच्या मधोमध आणलं. आणि आपल्याकडून घाट उतरलं की बोर्डी आणि कोसबाड. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून गवत, शंख-शिंपले, बिया यांनाच शैक्षणिक साहित्य मानलं. इतकी पूर्वपीठिका पुरे.

तारीख, जागा, माणसं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत. दोन दिवसांचे बारा तास त्यात सहज बसतात. पत्र काढताना ही ओळ घाला, परवानगी लवकर मिळते.

दिवाळीनंतर शाळा रुळली की तारीख धरा. जून-जुलैत पेठ-सुरगाण्याच्या पावसात कोणी वेळेवर पोचत नाही, आणि मार्चमध्ये डोक्यात परीक्षा असतात. सलग दोन दिवसच हवेत. पहिल्या रात्री घरी जाऊन जे मनात घोळतं, त्यावर दुसरा दिवस उभा राहतो. महिन्यातून एक एक दिवस केला तर दर वेळी ओळखपरेडपासून सुरुवात.

माणसं २४, जास्तीत जास्त २६. वरून ‘पन्नास घ्या, एकाच खर्चात होईल’ असा आग्रह होतो. नाही म्हणा. पन्नासांत गोल होत नाही, गर्दी होते. केंद्रशाळेचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेचा मोठा वर्ग किंवा गावातलं सभामंडप चालतं, फक्त फरशी कोरडी हवी आणि ध्वनिवर्धक नको. माइक हातात आला की बोलणाऱ्याचं भाषण होतं.

निरोपात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: जमिनीवर बसता येईल असे कपडे, एक हातरुमाल, एक शंभरपानी वही. साडीवरच येणाऱ्या बाईंना ‘ड्रेस घालून आलं तरी चालेल’ एवढं लिहिलेलं पुरतं, नाहीतर त्या विचारत नाहीत आणि दिवसभर कडेला बसतात. रुमाल कशाला ते पुढे येईल.

उद्घाटन हा खरा शत्रू. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, आभार यात पाऊण तास जातो आणि शिक्षक जे श्रोते होऊन बसतात ते जेवणापर्यंत उठत नाहीत. मी पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला बोलावतो आणि गोलातच बसवतो. एक साहेब बूट काढून बसले, सुतळीही धरली. सगळेच बसतात असं नाही.

सामान

गेरू, हळद, कोळसा, तांदळाचं पीठ, जुनी वर्तमानपत्रं, जाड खाकी कागद. द्राक्षबागेत बांधायला वापरतात ती सुतळी, तीस-तीस मीटरचे दोन गुंडे. माती मात्र जपून घ्या. शेतातली काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, पण वाळताना आक्रसते आणि तडकते, दुसऱ्या दिवशी टेबलावर तुकडे दिसतात. कुंभाराकडची मळलेली माती उत्तम. नाही मिळाली तर काळी माती चाळून रात्रभर भिजवा आणि तिच्यात बारीक वाळू मिसळा. तयार रंगपेट्या आणू नका. ज्या शाळेत त्या विकत घ्यायला पैसे नाहीत, तिथला शिक्षक मनातल्या मनात म्हणतो, ‘हे आमच्याकडे जमायचं नाही,’ आणि मग काहीच जमत नाही.

पहिला दिवस: आधी पाय

ओळख तोंडाने करू नका. सगळ्यांना हॉलभर चालायला सांगा. कोणाच्या मागे नाही, रिकामी जागा दिसेल तिकडे. दोन मिनिटांनी म्हणा, ‘आता तुम्ही साडेदहाला शाळेच्या फाटकातून आत येताय.’ मग, ‘आज तपासणी आहे.’ मग, ‘आता तुम्ही तिसरीत आहात, गृहपाठ झालेला नाही.’ कोणी अभिनय करायचा नाही, फक्त चालायचं. पाठी कशा वाकतात, नजर कुठे जाते ते तुम्हाला कडेने दिसेल. तेव्हा काही बोलू नका. थांबवून एकच विचारा, ‘खांद्यांना काय झालं?’ पहिलं उत्तर यायला वेळ लागतो. थांबा.

हात धरायची वेळ आली की रुमाल काढायचे. ज्यांना शेजारच्याचा हात धरायचा नाही त्यांनी रुमालाची दोन टोकं धरायची. कारण विचारायचं नाही. हा एक चौकोनी तुकडा मिश्र गटातला निम्मा अवघडलेपणा काढून टाकतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन स्टुलं गोलातच ठेवा, कोपऱ्यात नाहीत.

मग ताल. आपल्या शिक्षकांच्या अंगात लेझीम आणि कवायत आधीच आहे, नवीन काही आणायची गरज नाही. गोलात उभं राहून १ ते २४ मोठ्याने मोजा. तीनच्या पाढ्यातल्या आकड्याला पाय आपटा, चारच्या पाढ्यातल्याला टाळी. १२ ला आणि २४ ला दोन्ही एकदम होतं आणि पहिल्या खेपेला हमखास गोंधळ उडतो. उडू द्या. सामाईक विभाज्य म्हणजे काय, हे पन्नाशीच्या गणित शिक्षकाला पायातून कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

सुतळीचा पाढा

हा एकच उपक्रम घ्यायचा असेल तर हा घ्या. दहा जण गोलात बसवा, ० ते ९ आकडे द्या, आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. सुतळीचं टोक शून्याकडे. आता तीनचा पाढा म्हणायचा, पण गुंडा जाईल फक्त एककाच्या आकड्याकडे. ३, ६, ९, मग १२ म्हणजे २ कडे, १५ म्हणजे ५ कडे, १८ म्हणजे ८, २१ म्हणजे १, २४ म्हणजे ४, २७ म्हणजे ७, आणि ३० ला परत शून्य. प्रत्येकाने आपली सुतळी बोटाने ताणून धरायची. जमिनीपासून वीतभर उंचीवर दहा टोकांची चांदणी उभी राहते.

आता चार. ४, ८, २, ६ आणि २० ला परत शून्य. पाच टोकांची चांदणी होते आणि १, ३, ५, ७, ९ वाले रिकाम्या हाताने बसून राहतात. इथे घाई करू नका. ज्यांच्याकडे सुतळी आली नाही त्यांना विचारा कसं वाटलं. एकदा एक बाई म्हणाल्या, ‘मी आपली वाट बघत बसले, मग लक्षच काढून घेतलं.’ खोलीत कोणी काही बोललं नाही. प्रत्येकाला आपल्या वर्गातली मागची रांग आठवत होती.

मग सात घ्या. पहिलाच फेरा ७, मग ४, मग १. चार-पाच आकडे झाले की कोणीतरी ओरडतं, ‘ही तर तीनचीच चांदणी, उलटी!’ का, ते तुम्ही सांगू नका. तीन आणि सात मिळून दहा, हे त्यांचं त्यांना सापडू द्या. मग आठ आणि दोन कशी निघेल, पाचाची काय होईल, हे आधी ओळखायला लावा आणि मग करून बघा. पाचाला चांदणी होतच नाही, नुसती एक रेघ शून्यापासून पाचापर्यंत जाते-येते. २४ जणांत दोन गोल बसतात, उरलेले चार जण उभे राहून बघतात, आणि वरून आकार त्यांनाच नीट दिसतो. दर पाढ्याला ते चार बदला.

माती आणि रंग

याला तास-सव्वा तास पुरतो. प्रत्येकाला मुठीत मावेल एवढी माती द्या. टेबलावर ठेवायची नाही, दोन्ही तळव्यांत फिरवत गोळा करायचा, डोळे मिटून. मग त्याच गोळ्यातून, काही चिकटवून न जोडता, एक बसलेलं जनावर काढायचं. जोडायची मुभा दिली की सगळे गणपती करतात.

रंगासाठी एक वेलीचं किंवा सागाचं पान समोर ठेवून, कागदाकडे न बघता कोळशाने त्याची कड काढायला सांगा. चित्रं भयंकर येतात आणि तेच हवं असतं, कारण ‘मला चित्रकला येत नाही’ हे वाक्य सगळ्यांचंच खरं ठरतं आणि विषय संपतो. त्यानंतर गेरू-हळदीने मोकळं रंगवू द्या. भिंतीवर लावताना नावं लिहू नका.

एक सूचना. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर बोहाड्याच्या उत्सवात देवतांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात, तिथल्या शिक्षकांना मुखवट्यांची हौस येते. कागदी मुखवटे जरूर करा. पण गावातले खरे मुखवटे मागून आणू नका. ते पूजेतले असतात, खेळातले नाहीत. त्यापेक्षा संबळ वाजवणाऱ्या पालकाला तासभर बोलवा आणि शिक्षकांना त्याचे विद्यार्थी होऊन बसू द्या.

गोष्ट: कावळ्याच्या बाजूने

गोष्टीसाठी पुस्तक आणू नका. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाला येते. नेमकी म्हणूनच घ्यायची. काय सांगायचं याची चिंता नाही, कसं सांगायचं तेवढंच उरतं.

आधी कागदाला पाच चौकोन पाडून पाच चित्रं काढायची, काड्यांची माणसं चालतील, अक्षर एकही नाही. पाठ केलेली गोष्ट एक शब्द चुकला की कोसळते. चित्रं डोक्यात असली की शब्द बदलले तरी गोष्ट चालू राहते. मग जोड्या करून तीन मिनिटांत सांगायची, जोडी बदलून एका मिनिटात, परत बदलून तीन वाक्यांत. तिसऱ्या खेपेला प्रत्येकाच्या हातात गोष्टीचं हाड उरतं, आणि कोणाचं हाड कोणतं ते वेगवेगळं असतं.

यानंतर बोलीत. बागलाण-कळवणचे शिक्षक अहिराणीत सांगायला लागले की आवाजच बदलतो, हात मोकळे होतात. त्यातलेच काही कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या पाड्यांवर नोकरी करतात. तिथली मुलं शाळेत येऊन प्रमाण मराठी ऐकतात तेव्हा त्यांचे हात का बांधलेले असतात, हे इथे वेगळं समजवावं लागत नाही.

आणि शेवटी तीच गोष्ट कावळ्याच्या बाजूने. पाऊस पडतोय, घर वाहून गेलंय, दार ठोठावतोय, आतून आवाज येतो, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ एका कार्यशाळेत दिंडोरीकडचे एक सर सांगत होते. ‘चिऊताई चिऊताई, दार उघड’ असं दोनदा म्हणाले आणि थांबले. मग गोष्टीतून बाहेर येऊन म्हणाले, ‘आमच्याकडे द्राक्षांच्या छाटणीला सुरगाण्याची माणसं येतात. त्यांची पोरं वर्गाच्या दाराशी उभी राहतात. मी म्हणतो, थांब, आधी दाखला बघू.’

अशा वेळी सुलभकाने, म्हणजे कार्यशाळा घेणाऱ्याने काय करावं? काही नाही. टाळ्या नकोत, ‘खूप छान अनुभव सांगितला सर’ तर अजिबात नको. दहा सेकंद शांत बसा आणि पुढच्या जोडीला सुरू करायला सांगा. तात्पर्य विचारायची आपली जुनी खोड इथे आवरायची.

इथेच एक धोका आहे, तो मी स्वतः ओढवून घेतला होता. डोळे मिटून ‘बालपणातला शाळेचा दिवस आठवा’ असं मी एकदा सांगितलं. एक बाई रडायला लागल्या आणि मला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. आपण समुपदेशक नाही. आता मी आठवण मागताना वस्तू मागतो: पहिलं दप्तर, पाटी, चप्पल. आणि सांगतो, ‘आज सांगताना हसू येईल अशीच निवडा.’ कोणाला काहीच सांगायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणायचं, एवढा एक शब्द पहिल्याच तासाला सगळ्यांना देऊन ठेवा.

वही

पहिल्या दिवशी घरी जाताना एकच काम: झोपण्याआधी दिवस उलटा आठवायचा. अंथरुणापासून मागे मागे, जेवण, प्रवास, कार्यशाळा, सकाळ. श्टायनर यांनी सुचवलेला हा सराव साधा आहे, पण सुलट आठवताना आपण जशी कारणं देत जातो तशी उलट्या क्रमाने देता येत नाहीत, जे झालं तेच दिसतं. दहा मिनिटं पुरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीस मिनिटं शांतपणे लेखन. प्रश्न नेमके हवेत. ‘मी कसा शिक्षक आहे?’ विचारलं की निबंध येतो. त्याऐवजी: गेल्या आठवड्यात माझा आवाज कधी चढला, त्याच्या आधीच्या मिनिटात काय घडलं? वर्गातल्या कोणत्या मुलाचं नाव मी आठवडाभर घेतलं नाही? आणि वही कोणालाही दाखवायची नाही. तुम्हालाही नाही, अहवालालाही नाही. ‘दोन-चार नमुने जोडा’ अशी मागणी आली तर नम्रपणे नकार द्या. एकदा वही तपासली जाणार असं कळलं की ती साहेबांना दाखवायची पाठांची टाचणवही होते.

त्याच वहीत एका मुलाची नोंद घ्यायला शिकवा. फक्त दिसलं ते, मत नाही. ‘खोडकर’ हे मत आहे. ‘पाऊण तासात तीनदा खिडकीशी गेला, दोनदा रस्त्याकडे बघितलं, एकदा वाऱ्याने उडालेली वही आणून दिली’ हे दिसलेलं आहे. जमायला अवघड जातं म्हणून आधी गोलातल्याच एकाचं चालणं पाहून लिहायला लावा.

दुसरी दुपार: स्वतःचा पाठ

आता प्रत्येक जोडीने येत्या आठवड्यात शिकवायचा एक पाठ घ्यायचा आणि त्यातली फक्त पंधरा मिनिटं बदलायची. पूर्ण पाठ बदला म्हटलं की सोमवारी कोणीच करत नाही.

गेल्या वेळी एका जोडीने गोदावरी घेतली. आधी गौतम ऋषींची आणि ब्रह्मगिरीवर उतरलेल्या गंगेची गोष्ट, लोक सांगतात तशी. मग व्हरांड्यात सुतळीची नदी, एका किलोमीटरला एक सेंटीमीटर. गोदावरी १,४६५ किलोमीटर, म्हणजे साडेचौदा मीटरहून थोडी जास्त सुतळी. त्र्यंबकला एक खडा ठेवला. नाशिक रस्त्याने तीसेक किलोमीटर, म्हणजे पट्टीएवढ्या अंतरावर दुसरा खडा. मग नांदूर मध्यमेश्वर, पैठण, नांदेड, आणि सुतळी व्हरांडा संपवून मैदानात गेली, राजमहेंद्रीपर्यंत. मुलांच्या जागी बसलेले शिक्षक नाशिकच्या खड्याशी उभे राहून लांबच्या टोकाकडे बघत राहिले. ‘आपलं गाव एवढ्यातच?’ असं कोणीतरी म्हणालं. पंधरा मिनिटांचा पाठ झाला होता. पुराणकथा आणि भूगोल वेगवेगळ्या आवाजात सांगायचे, एकात एक मिसळायचे नाहीत, एवढीच दुरुस्ती मी सुचवली.

पाठ बघताना ‘छान’ आणि ‘सुधारणा हवी’ हे दोन्ही शब्द बंद ठेवा. बघणाऱ्यांनी दोनच गोष्टी सांगायच्या: माझं लक्ष कुठे लागलं आणि कुठे सुटलं.

नंतर

आठव्या दिवशी फोन करा. व्हॉट्सॲपवर फोटो मागू नका. फोटो मागितला की मुलांना रांगेत बसवून फोटोसाठी उपक्रम होतो. फोनवर विचारा, ‘काय फसलं?’ फसलेलं सांगणारा करत असतो. ‘सगळं मस्त झालं सर’ म्हणणाऱ्याकडे महिन्याभरात एक चक्कर मारा, मागे बसा, वही काढू नका.

केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत वीस मिनिटं मागून घ्या आणि त्यात नवा उपक्रम देऊ नका. जुन्या जोड्या बसवा, एका मुलाची नोंद एकमेकांना वाचून दाखवू द्या. द्विशिक्षकी शाळांतल्या शिक्षकांना बोलायला दुसरं माणूसच नसतं, त्यांच्यासाठी ही वीस मिनिटं फार मोलाची.

दिंडोरीच्या सरांचा फोन मी करण्याआधीच आला. सुतळी कुठे मिळाली, हे त्यांना हवं होतं. वर्गात एकोणीस मुलं पटावरची आणि चार छाटणीवाल्यांची, असे तेवीस होतात. दहाचे दोन गोल करून तीन उरतात, त्यांना काय द्यायचं, असं ते विचारत होते.